गांधार कोणता खरा?

शाळेतली पेटी, म्हणजे हार्मोनियम, अर्ध्या तासासाठी मागून घ्या. सुरांच्या दोन ओळी असतील तर एकच ओळ उघडी ठेवा. आता मधल्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी पाच या दोन पट्ट्या एकदम दाबा आणि भाता सावकाश, एकसारखा चालवा. हे सा आणि प झाले. कान देऊन ऐकलेत तर आवाज एका संथ लयीत किंचित चढतो आणि उतरतो. घड्याळ लावून मोजा. पेटी नीट मिळवलेली असेल, तर दहा सेकंदांत अशा साधारण नऊ लाटा भरतील.

मग पाचऐवजी पांढरी तीन दाबा. आता सा आणि ग एकत्र वाजतात. इथे लाटा मोजता येत नाहीत. सेकंदाला दहाच्या आसपास थरथर होते आणि आवाज खरखरीत लागतो. शेवटी कोणाकडे तंबोरा असेल तर तो जुळवून ऐका. खर्जाच्या तारेतून, कोणीही न छेडलेला, एक शांत गांधार ऐकू येतो. पेटीचा गांधार त्याच्याशी जुळत नाही.

आपल्या घोरावाडीच्या आसपास, देहूपासून तळेगावपर्यंत, भजनी मंडळ नाही असे गाव सापडणे कठीण. प्रत्येक मंडळात पेटी असते आणि बहुतेक ठिकाणी वीणाही असते. म्हणजे हे दोन गांधार आठवड्यातून एकदा तरी एकाच देवळात भेटतात. यांतला खरा कोणता? हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या वादकांना पडला होता, आणि सुमारे एकशेदहा वर्षांपूर्वी सांगलीच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनाही पडला होता. त्या दोघांची उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

इटलीपासून सुरुवात करू. इ. स. १६२१ मध्ये व्हेनिस शहरात दारिओ कास्तेल्लो नावाच्या वादकाने आपल्या सोनाटांचे पहिले पुस्तक छापले. दुसरे १६२९ मध्ये आले. ‘सोनाटा’ म्हणजे वाजवायची रचना. गायच्या रचनेला ‘कंटाटा’ म्हणत. तोपर्यंत युरोपात वाद्ये बहुधा गाण्याच्या मागे किंवा नाचाला असत. आता दोन व्हायोलिने पुढे बसली, कधी त्यांच्या जोडीला कॉर्नेट्टो नावाचे लाकडी वाकडे शिंग आले, आणि ती आपसांत सवालजवाब करू लागली. मागे एक खर्जाचे वाद्य आणि हार्प्सिकॉर्ड, छोटा ऑर्गन किंवा थिऑर्बो हे लांब दांडीचे तंतुवाद्य साथीला असे. साथीदारापुढे फक्त खर्जाची ओळ लिहिलेली असायची, क्वचित तिच्यावर आकडे. बाकीचे सूर त्याने आपल्या अकलेने भरायचे. आपल्या पेटीवाल्याला हे काम नवे वाटणार नाही. दिवाणखान्यात चारसहा माणसांनी बसून वाजवायचे असे हे संगीत होते, आणि त्यातले पुष्कळसे चर्चमध्येही वाजे.

विसाव्या शतकात काही वादकांच्या मनात आले, की ही रचना ज्या वाद्यांसाठी लिहिली त्यांच्यावरच ती वाजवून पाहावी. इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच यांनी (१८५८–१९४०) जुनी वाद्ये दुरुस्त करून आणि नवी घडवून याची सुरुवात केली. व्हिएन्नाला निकोलाउस हार्नोनकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये यासाठी वादकमंडळ स्थापन केले. आज अशी मंडळे अनेक देशांत आहेत आणि त्यांची ध्वनिमुद्रणे सहज ऐकायला मिळतात. हा जुन्याचा नुसता हौशी सोस आहे असे कोणाला वाटेल. पण त्यात पदार्थविज्ञान बरेच आहे, आणि तेही तुमच्या पाठ्यपुस्तकातले.

पहिली गोष्ट तारेची. आजच्या व्हायोलिनची सर्वांत उंच तार पोलादाची असते. त्या काळी सर्व तारा मेंढीच्या आतड्यापासून वळत. आपण तिला तात म्हणतो. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्याच असतात, आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तातच लावतात. तातीच्या अंगात घर्षण जास्त, त्यामुळे उंच उपस्वर लवकर विरतात आणि आवाज कमी धारदार, अधिक मऊ होतो. आणखी एक खोड म्हणजे ती हवेतला ओलावा शोषते. आषाढात पखवाजाची शाई आणि पुडी कशी ढिली पडते हे मावळातल्या मुलांना सांगायला नको. तातीची व्हायोलिने लोणावळ्याच्या पावसाळ्यात वाजवायची वेळ आली, तर वादकाचा अर्धा वेळ खुंट्या पिळण्यात जाईल.

तारेच्या कंपनसंख्येचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. लांबी अर्धी केली की कंपनसंख्या दुप्पट. ताण मात्र चौपट करावा लागतो तेव्हा ती दुप्पट होते. गंमत अशी, की दुप्पट वजन टांगले की सूर दुप्पट उंच होतो असे दोन हजार वर्षे पुस्तकांत लिहिले जात होते आणि कोणी वजन टांगून पाहिले नव्हते. ते टांगून पाहिले विन्चेन्झो गॅलिली या ल्यूटवादकाने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. षड्जावरून पंचम मिळण्यासाठी वजने २ : ३ नव्हे तर ४ : ९ या प्रमाणात लागतात, हे त्याला दिसले. याच विन्चेन्झोचा मुलगा पुढे गॅलिलिओ म्हणून प्रसिद्ध झाला. पुस्तकात लिहिलेले तपासून पाहायचे, हा धडा मुलाला घरातच मिळाला असावा असे मला वाटते. तारेचे सर्व नियम एकत्र मांडणारा मेर्सेनचा ग्रंथ १६३६ चा, म्हणजे कास्तेल्लोच्या पुस्तकांच्याच काळातला.

आता हेच सूत्र जरा निराळे वापरू. व्हायोलिनच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३२½ सेंटिमीटर असते. उंच तार दर सेकंदास ६२२ कंपनांवर मिळवायची आहे आणि तात ०.६२ मिलिमीटर जाडीची आहे. तातीची घनता पाण्याच्या १.३ पट धरून हिशेब केला, तर ताण साडेसहा किलोग्रॅम वजनाइतका येतो. वादक म्हणेल, तार तुटेल अशी भीती वाटते, जरा जाड लावू. पण जाड तारेचे वस्तुमान ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात तिला लागणारा ताणही वाढतो. म्हणून दर चौरस मिलिमीटरवर पडणारा ताण जाड असो की बारीक, तेवढाच राहतो. तो ठरतो फक्त पदार्थाची घनता, लांबी आणि कंपनसंख्या यांवरून. म्हणजे अमुक लांबीची तात अमुक सुराच्या वर चढवताच येत नाही. ती तुटणार, मग जाडी काहीही घ्या. प्रयोगवहीत सूत्र बिनचूक लिहिणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ही गोष्ट त्यातच दडलेली दिसते, ते त्यांच्या शिक्षकांनी विचारून पाहावे.

इथे दुसरा प्रश्न येतो, की मुळात सूर किती उंच धरायचा. मध्य सप्तकातली पांढरी सहा म्हणजे ४४० कंपने, हा आंतरराष्ट्रीय ठराव लंडनच्या परिषदेत १९३९ साली झाला. त्याआधी गावोगाव निराळा सूर असे. जुन्या वाद्यांची मंडळे आज पुष्कळदा ४१५ धरतात. हा आकडा ४४० च्या बरोबर एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर, खाली आहे, एवढीच त्याची सोय. पण सतराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमध्ये सूर याहून बराच वर, ४६६ च्या आसपास होता. हे आज कसे कळले? तार सैल करता येते, घट्ट करता येते, म्हणून ती साक्ष देत नाही. लाकडी कॉर्नेट्टोची लांबी मात्र कोणी बदलू शकत नाही. हवेच्या स्तंभाची लांबी ठरली की सूर ठरला. संग्रहालयांतली त्या काळची वाद्ये फुंकून पाहिली की चारशे वर्षांपूर्वीचा सूर आजही उमटतो. ४१५ वरून ४६६ वर गेले तर वर सांगितलेल्या तातीवरचा ताण २६ टक्क्यांनी वाढतो. साडेसहा किलोचा सव्वाआठ किलो होतो, आणि तात तुटण्याच्या मर्यादेजवळ जाते. म्हणून कास्तेल्लो वाजवायला बसलेल्या मंडळाला आधी हा हिशेब करावा लागतो.

तारा लावल्या, सूर ठरला. आता मिळवणी. आणि इथे आपला गांधार परत येतो.

सोयीसाठी सा म्हणजे दर सेकंदास २४० कंपने धरू. आपल्या संगीताच्या पुस्तकांत हाच आकडा पुष्कळदा घेतात. तार छेडली की २४० बरोबर ४८०, ७२०, ९६०, १२०० असे तिचे उपस्वरही निघतात. पंचम ३६० चा असेल, तर त्याचा दुसरा उपस्वर ७२० वर पडतो. सा चा तिसरा उपस्वरही तिथेच आहे. दोन्ही एकमेकांवर बरोबर बसतात आणि आवाज स्थिर राहतो. गांधार ३०० चा घेतला, तर त्याचा चौथा उपस्वर १२०० वर पडतो आणि तो सा च्या पाचव्याशी जुळतो. कानाला जे गोड लागते ते हे. तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गांधार हा खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे हाच ३०० च्या घराण्यातला. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीवर जवारी काढतात, म्हणजे घोडीच्या पृष्ठाला अत्यंत सूक्ष्म बाक देतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवला की हे उपस्वर फुलून येतात.

पेटीत सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. तिथे गांधार ३०२.४ वर आणि पंचम ३५९.६ वर येतो. पंचमाचा दुसरा उपस्वर ७१९.२ झाला, तो ७२० शी जुळत नाही, आणि जेवढा फरक तेवढ्या लाटा दर सेकंदास ऐकू येतात. या लाटांना विस्पंद म्हणतात. गांधाराचा चौथा उपस्वर १२०९.५, म्हणजे सेकंदाला साडेनऊ विस्पंद. तुमच्या पेटीची पांढरी एक २४० ची नसून २६१.६ ची असते, म्हणून तिथे हे आकडे थोडे मोठे, ०.९ आणि १०.४ असे येतात. आरंभीच्या प्रयोगात तुम्ही मोजलेत ते हेच.

मग पेटी अशी का करतात? सगळे सूर शुद्ध का ठेवत नाहीत? कारण ते ठेवताच येत नाहीत. सा पासून पंचमाची उडी चार वेळा घ्या: २४०, ३६०, ५४०, ८१०, १२१५. पाचवा उपस्वर मात्र १२०० होता. चार शुद्ध पंचमांनी गाठलेला गांधार शुद्ध गांधारापेक्षा ८१ : ८० इतका उंच पडतो. कारागिराचा यात काही दोष नाही. तीनचे घात आणि पाच यांची गाठ कधीच पडत नाही, हा अंकगणिताचा भाग आहे. कुठे तरी पदर आखूड पडणारच. तो कोणाच्या अंगावर आखूड पाडायचा, एवढेच माणसाच्या हाती.

कास्तेल्लोच्या काळी इटलीत तो पंचमाच्या अंगावर पाडत. प्रत्येक पंचम ३६० ऐवजी ३५८.९ वर उतरवायचा. असे चार पंचम घेतले की गांधार बरोबर ३०० वर येतो. त्यांचा पंचम सेकंदाला दोनदा हेलकावे खातो, आपल्या पेटीपेक्षाही जास्त. पण गांधार स्तब्ध. जुन्या वाद्यांच्या मंडळाचा सोनाटा ऐकताना शेवटचा मेळ एकाएकी निवांत झाल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बरेचसे हे आहे.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. शुद्ध गांधार ३००. त्याच्यापासून पुन्हा तेवढाच वर गेलो तर ३७५ येतो. उलट तारसप्तकातल्या ४८० च्या षड्जापासून तेवढेच खाली आलो तर ३८४. पेटीवर या दोहोंना पट्टी एकच, आपण जिला कोमल धैवत म्हणतो ती काळी पट्टी. ती ३७५ वर मिळवली तर ३८४ च्या जागी ती वापरता येत नाही. वापरलीच तर असा आवाज होतो की युरोपीय वादकांनी त्याला ‘लांडगा’ असे नाव दिले. यावर त्या काळच्या काही इटालियन कारागिरांनी सरळ उपाय केला. काळी पट्टी आडवी चिरून तिचे दोन तुकडे केले. पुढचा तुकडा दाबला तर एक सूर, मागचा दाबला तर दुसरा. व्हायोलिनला पडदे नाहीत, तिला दोन्ही सूर बोटाखाली मिळतात. अडचण सगळी पट्ट्यांच्या वाद्याची, आणि व्हायोलिनवाल्याने त्याच्याशी जमवून घ्यायचे.

जाता जाता एक गोष्ट. बियाजिओ मारिनी या वादकाने १६२९ मध्ये तीन व्हायोलिनांचा एक ‘प्रतिध्वनीचा सोनाटा’ छापला. एक वादक समोर उभा राहतो, दोघे आड लपून त्याची शेवटची अक्षरे परत म्हणतात. असा खोटा प्रतिध्वनी का करावा लागला? प्रतिध्वनी निराळा ऐकू यायला भिंत निदान १७ मीटर दूर हवी. त्याहून जवळ असली तर आवाज नुसता घुमतो. घोरावडेश्वराच्या लेण्यात जाल तेव्हा एक टाळी वाजवून पाहा आणि ऐकू आले ते प्रतिध्वनी की घुमणे, हे ठरवा.

आता सांगलीकडे वळू. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या म्हणजे नेमक्या किती कंपनांचे सूर, हे मोजून काढायचा ध्यास त्यांनी घेतला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे सहकार्य त्यांना मिळाले. खाँसाहेबांनी सूर लावायचा आणि देवलांनी तो तारेच्या लांबीवरून मोजायचा. १९१० साली त्यांनी या बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत गांधार एक नाही, दोन आहेत: ३०० चा आणि ३०३¾ चा. ऋषभही दोन, २६६⅔ आणि २७०. भागून पाहा, दोन्ही जोड्यांत प्रमाण ८१ : ८० च येते. चार पंचमांच्या उड्यांत सापडलेली ती चिमुकली चीर इथे पुन्हा भेटली.

मुंबई इलाख्यातले एक जिल्हा न्यायाधीश, ई. क्लेमंट्स, यांना या कामात रस वाटला. दोघांच्या खटपटीने लंडनच्या मूर अँड मूर कारखान्याने बावीस श्रुतींची पेटी तयार केली. जादा सुरांसाठी जादा पट्ट्या घातलेली ही ‘श्रुती-हार्मोनियम’ आणि चिरलेल्या काळ्या पट्टीचा इटालियन हार्प्सिकॉर्ड, यांत तीनशे वर्षांचे अंतर आहे आणि विचार अगदी एक आहे. देवलांनी ते इटालियन वाद्य पाहिले असेल असे वाटत नाही. अंकगणित तेच असल्यावर दोघांना दार एकच सापडले.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिच्या अग्रभागी होते. तिथे ही पेटी पुढे ठेवण्यात आली, पण जमलेल्या गायक-पंडितांचे तिने समाधान झाले नाही, आणि पुढे ती प्रचारात आली नाही. साधी बारा पट्ट्यांची पेटी मात्र घरोघरी पोचली. तिच्यावर राग इतका, की आकाशवाणीने १९४० मध्ये तिला ध्वनिक्षेपणातून काढून टाकले, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले.

देवल चुकले का? मला तसे वाटत नाही. त्यांनी मोजले, आणि मोजलेले छापले. त्यांची अडचण निराळी होती. १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर उपकरणाने मोजले. एकाच नावाचा स्वर निरनिराळ्या कलावंतांचा निरनिराळ्या जागी पडतो, आणि एकाच कलावंताचाही दर वेळी तिथेच पडत नाही, असे त्यांना आढळले. गाणारा माणूस स्वरावर खिळा ठोकत नाही, तो तिथे येतो आणि जातो. बावीस काय, बेचाळीस पट्ट्या केल्या तरी त्या येण्याजाण्याला पुरणार नाहीत. पण ज्या क्षणी तो तंबोऱ्यावर थांबतो, त्या क्षणी विस्पंद आहेत की नाहीत हे कान सांगतो, आणि तिथे ३०० आणि ३०२.४ यांतला फरक लपत नाही.

युरोपीय संगीताचा षड्ज रचनेच्या मध्येच जागा बदलतो, म्हणून त्याला सर्व पट्ट्यांत तडजोड हवी होती. आपला षड्ज मैफलभर हलत नाही. आपल्याला त्या तडजोडीची गरजच नव्हती. ती पेटीबरोबर आली. पेटीवाल्यालाही तिची खरी गरज पडते ती गायकागणिक पट्टी बदलताना. एकाच गायकाची, एकाच पट्टीची साथ करायची असेल, तर पेटीचा सूर जुळवणारा कारागीर पितळी रीड बारीक घासून ३०२.४ चा गांधार ३०० वर आणू शकतो. रीड टोकाशी घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. असे का, ते सांगा पाहू. आणि काळी एकचा षड्ज २७७ कंपनांचा धरला, तर न घासलेल्या पेटीच्या सा-ग मध्ये दर सेकंदास किती विस्पंद पडतील, तेही काढा. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ येते.